जॉर्जियातल्या खेड्यातलं लाइटबिल

जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या बिलावर २,३४० युनिट होते आणि रक्कम तीनशे डॉलरच्या आसपास. घरात माणसं चार: आम्ही दोघं, मुलगी आणि श्रीरामपूरकडच्या आमच्या गावाहून हिवाळ्यापुरती आलेली आई. आईने चष्मा लावून युनिटचा आकडा दोनदा वाचला आणि म्हणाली, "अगं, एवढे युनिट गावी आपल्याला चार वर्षं पुरतील." तिचा हिशेब चोख होता. गावच्या घरात पंखे, दिवे, एक फ्रिज, संध्याकाळचा टीव्ही, अंघोळीला बंब. महिन्याला पन्नासच्या आत-बाहेर युनिट पडतात.

आम्ही राहतो ती काउंटी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या नैर्ऋत्येला, गाडीने दीड तासावर. काउंटी म्हणजे आपल्याकडचा एखादा तालुका समजा. एक मुख्य गाव, तिथे कोर्ट, शाळा, दोन बँका. बाकी सगळीकडे पाइनची लागवड, गाईंची कुरणं आणि एकमेकांपासून लांब लांब वसलेली घरं. मी गावातल्या औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. जानेवारी-फेब्रुवारीत आणि पुन्हा ऑगस्टमध्ये काउंटरवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "या खेपेला पंधरा दिवसांच्याच गोळ्या द्या, लाइटबिल भरायचंय." रक्तदाबाच्या गोळ्या, मधुमेहाच्या गोळ्या. पिशवी हातात देताना मला दर वेळी वाईट वाटतं, आणि हे असं का होतं ते सुरुवातीला उमगतही नव्हतं. कारण दर पाहिला तर वीज महाग नाही. आमचा दर युनिटला साडेअकरा सेंट. महाराष्ट्रात तीनशे युनिटांच्या वर गेलेल्या घराला रुपयांत याहून जास्त दर पडतो. मग इथल्या लोकांचं कंबरडं कशाने मोडतं?

हा प्रश्न एकट्या आमच्या काउंटीचा नाही. अमेरिकेत २०१८ साली झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की देशभरात घरं आपल्या उत्पन्नाचे साधारण ३.३ टक्के वीज-इंधनावर घालवतात, खेड्यापाड्यांत ४.४ टक्के, आणि खेड्यातल्या गरीब घरांत जवळपास ९ टक्के. सहा टक्क्यांच्या वर गेलं की तो भार जड, असं इथे धरतात. आकडे वाचून कळलं ते एवढंच. बाकीचं मी आमच्या घरापासून शिकले.

आधी वीज देणाऱ्यांबद्दल सांगते, कारण त्यात आमच्या भागाचा एक धागा आहे. इथे वीज खाजगी कंपनी देत नाही, सहकारी संस्था देते. जॉर्जियात अशा चाळीसेक संस्था आहेत, त्यांना ईएमसी म्हणतात. मीटर घेतला की तुम्ही सभासद. संचालक मंडळ सभासद निवडतात, नफा उरला तर तो सभासदांच्या खात्यावर चढतो आणि काही वर्षांनी परत मिळतो. मला हे परकं वाटलंच नाही. लहानपणी आमच्या घरी बिल यायचं ते मुळा-प्रवरा सहकारी वीज संस्थेचं. श्रीरामपूर, राहुरी, राहाता या भागाला वीज देणारी ती संस्था भारतातल्या पहिल्या पाच प्रायोगिक ग्रामीण वीज सहकारी संस्थांपैकी एक. कर्नाटकातली हुक्केरी, तेव्हाच्या आंध्रातली सिरसिला या तिच्याच बरोबरच्या. आणि या पाचही संस्था उभ्या राहिल्या त्या अमेरिकेतल्या ग्रामीण वीज संस्थांच्या राष्ट्रीय संघटनेच्या सल्ल्याने! मुळा-प्रवरेचा परवाना २०११ साली संपला आणि तो भाग महावितरणकडे गेला. पण ज्या झाडाची फांदी आमच्या उसाच्या पट्ट्यात लावली होती, त्या झाडाच्या बुंध्याशी मी आता राहतेय, हे कळल्यावर मला संस्थेविषयी एकदम आपुलकी वाटू लागली.

त्या झाडाचं बी सुद्धा इथलंच. आमच्यापासून जवळ वॉर्म स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे. पोलिओने पाय गेलेले फ्रँकलिन रूझवेल्ट १९२४ पासून तिथल्या कोमट झऱ्यांवर उपचाराला यायचे. तिथल्या घराचं पहिलं लाइटबिल आलं ते युनिटला १८ सेंट दराने. न्यूयॉर्कमधल्या हाइड पार्कच्या घरी भरत होते त्याच्या चौपट. १९३८ च्या ऑगस्टमध्ये बार्न्सव्हिल या गावी केलेल्या भाषणात त्यांनी स्वतःच हे सांगितलं, आणि त्या बिलापासूनच आपण विजेच्या दरांचा अभ्यास सुरू केला असंही सांगितलं. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनी १९३५ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाचं खातं काढलं, १९३६ मध्ये कायदा झाला. त्या वेळी अमेरिकेतल्या दहातल्या जेमतेम एका शेतघरात वीज होती. खाजगी कंपन्या खेड्यात तार ओढायला तयार नव्हत्या, म्हणून शेतकऱ्यांनी वर्गणी काढून संस्था केल्या आणि सरकारने स्वस्त कर्ज दिलं. रूझवेल्टने पुढे तिथे बांधलेलं छोटं पांढरं घर आता पाहायला खुलं आहे. आईला आम्ही तिथे नेलं होतं. एका माणसाने एका बिलावरून एवढं केलं, हे तिला फार भावलं.

आता आमचं बिल. मी ते ओळ न् ओळ लावून पाहिलं. पहिली ओळ स्थिर आकाराची: एक युनिटही वापरला नाही तरी महिन्याला ३२ डॉलर. शहरात राहताना हा आकार पंधराच्याही आत होता, म्हणून संस्थेच्या कार्यालयात जाऊन विचारलं. तिथल्या बाईंनी समजावलं ते पटलं. खाजगी कंपन्यांच्या एका मैल तारेवर तीसहून जास्त गिऱ्हाइकं असतात, देशभरातल्या सहकारी संस्थांच्या एका मैलावर सरासरी आठ. खांब तेवढेच, तार तेवढीच, वादळात पडलेली झाडं तेवढीच. वाटून घ्यायला माणसं कमी. दुसरी ओळ युनिटांची. तिसरी, घाऊक वीज महागली-स्वस्तली की वर-खाली होणारी. वोगल अणुवीज केंद्राच्या दोन नव्या अणुभट्ट्या २०२३ आणि २०२४ मध्ये सुरू झाल्या, त्यांचा खर्च १४ अब्ज डॉलरच्या अंदाजावरून ३० अब्जांच्या पुढे गेला. सहकारी संस्थांना वीज पुरवणारी ओगलथोर्प पॉवर त्या केंद्रात ३० टक्क्यांची भागीदार आहे. अडतीस ईएमसींनी मिळून ती चालवली आहे, म्हणजे थेंब थेंब करून तो खर्चही आमच्यासारख्यांच्याच बिलात उतरतो. यातलं काहीच मला एकटीला बदलता येणार नव्हतं. राहिले ते युनिट.

इथे जॉर्जियात घराला महिन्याला सरासरी अकराशेच्या आसपास युनिट लागतात, अख्ख्या अमेरिकेची सरासरी नऊशे. खेड्यात गॅसची पाइपलाइन नाही. अंगणातल्या टाकीत प्रोपेन भरून घ्यायचा, नाहीतर सगळंच विजेवर: स्वयंपाकाची शेगडी, गरम पाणी, कपडे वाळवणं, घर तापवणं, घर थंड करणं आणि बोअरमधून पाणी खेचणं. आमचं घर १९७० च्या दशकातलं, विटांचं, एकमजली, सतराशे चौरस फुटांचं. खाली दोन-अडीच फूट उंचीची मोकळी पोकळी, जिच्यात माणूस रांगत जाऊ शकतो, वर पोटमाळा. अशी घरं इथे जागोजागी दिसतात.

आपल्या घरी लहानपणापासून एकच शिकवण: खोलीतून बाहेर पडलात की बटण बंद करा. आई इथेही तेच करत होती. मी प्लगमध्ये बसणारा छोटा मीटर आणला आणि घरातलं एकेक उपकरण त्याला लावत सुटले. फ्रिज महिन्याला पंचेचाळीस युनिट. गॅरेजमधला आधीच्या मालकांचा जुना फ्रिज नव्वद. तो त्याच आठवड्यात बंद केला. टीव्ही, संगणक, राउटर, चार्जर मिळून चाळीसेक. सगळे दिवे एलईडी, ते पंधरा-वीस. सगळी बेरीज केली तरी दोनशेच्या वर जाईना. म्हणजे उरलेल्या दोन हजारांहून जास्त युनिटांतले बहुतेक अशा ठिकाणी जात होते जिथे घरात कुणी बटण लावतही नाही आणि बंदही करत नाही.

ते ठिकाण सापडलं संस्थेच्या ॲपवर. आता मीटर स्मार्ट आहेत, तासातासाचा वापर दिसतो. २०२२ च्या नाताळात उत्तरेकडून थंडीची मोठी लाट आली होती, अटलांटात पारा उणे तेरा सेल्सियसपर्यंत उतरला होता. त्या दिवसाचा आलेख मी उघडला. रात्रभर पाच-सहा युनिटांचे खांब, आणि सकाळी सहा ते सातच्या तासाला एकदम चौदा. एका तासात चौदा युनिट. गावच्या घराचा आठवडा त्यात निघाला असता. मग डिसेंबर-जानेवारीचे इतर दिवस पाहिले. थंडी साधी असो की कडक, सहा वाजता तो खांब उभा राहायचाच.

कारण असं. आमच्याकडे हीट पंप आहे, म्हणजे उलटासुलटा चालणारा एसी. उन्हाळ्यात घरातली उष्णता बाहेर फेकतो, हिवाळ्यात बाहेरच्या हवेतली आत ओढतो. एक युनिट वीज खाऊन तो अडीच-तीन युनिटांएवढी ऊब देतो, फार थंडीत दोनएक. यंत्र उत्तम. पण त्याच्या जोडीला आतल्या पेटीत हीटरच्या पट्ट्या असतात, दहा किलोवॉटच्या. पंपाचं भागत नसेल तेव्हा मदतीला याव्यात म्हणून. त्या साध्या शेगडीसारख्या: एक युनिट वीज, एक युनिट ऊब. घराबरोबर आलेल्या थर्मोस्टॅटवर, म्हणजे घराचं तापमान ठरवणाऱ्या भिंतीवरच्या यंत्रावर, आधीपासून लावून ठेवलेलं होतं की रात्री ६२ फॅरनहाइट, सकाळी सहाला ७०. वाचवण्याच्या चांगल्या हेतूनेच कुणीतरी लावलं असणार. पण सहा वाजता एकदम आठ अंश चढवायचे म्हटल्यावर यंत्राला वाटतं पंप कमी पडतोय, आणि ते पट्ट्या पेटवतं. भिंतीवरच्या पडद्यावर बारीक अक्षरांत "ऑक्स" उमटतं, म्हणजे जोडीच्या पट्ट्या चालू, बास. गावात मी कितीतरी जणांना नंतर विचारलं. बहुतेकांना त्या अक्षरांचा अर्थ ठाऊक नव्हता.

मी तापमान रात्रंदिवस ६८ वर स्थिर ठेवलं. सकाळचा खांब पुष्कळ बुटका झाला, पण रात्रीचे खांब तसेच. घर ऊब धरूनच ठेवत नव्हतं. म्हणून मार्चमध्ये घराचं ऊर्जा ऑडिट करून घ्यायचं ठरवलं. संस्थेचा माणूस येऊन फुकट पाहणी करतो, पण घर किती गळतं ते मोजायला ब्लोअर डोअरची चाचणी लागते, आणि त्याला प्रमाणित ऑडिटर बोलवावा लागतो. आमच्याकडे आले ते गृहस्थ साठीचे, शेजारच्या काउंटीतले, आधी एसीची कामं करायचे. बरोबर त्यांचा पुतण्या.

ती दुपार मी विसरणार नाही. त्यांनी पुढच्या दाराच्या चौकटीत लाल नायलॉनचा पडदा ताणून बसवला, त्याच्या खालच्या भोकात भला मोठा पंखा घातला. घरातल्या सगळ्या खिडक्या बंद, आतली दारं उघडी, भिंतीतल्या शेकोटीची राख झाकलेली. पंखा घरातली हवा बाहेर ओढू लागला आणि हातातल्या दाबमापकावर आत-बाहेरचा फरक ५० पास्कल झाला तेव्हा ते म्हणाले, "आता घराभोवती फिरा आणि हात लावून बघा." मी स्वयंपाकघरातल्या विजेच्या खोक्यासमोर हात धरला. बाहेरच्या भिंतीवरचं खोकं, त्याच्या भोकांतून गार हवेचा झोत थेट तळहातावर. सिंकखाली जिथून पाइप जमिनीत उतरतो तिथे मुठीएवढं भोक, त्यातून मातीचा वास येत होता. पोटमाळ्याच्या झाकणाच्या चारही कडांतून वारा. पुतण्याने धुराची बारीक नळी पेटवली. भिंत आणि फरशी जिथे मिळते तिथल्या पट्टीजवळ ती नेली की धूर आडवा पळायचा. उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात मुलीच्या खोलीचं छत ठिगळं लावल्यासारखं दिसलं, जिथे जिथे आच्छादन सरकलं होतं तिथे तिथे निळे डाग. आई त्यांच्या मागे मागे फिरत होती आणि फट दिसली की बोटाने दाखवत होती.

पंख्याला दर मिनिटाला तीन हजार घनफूट हवा ओढावी लागत होती. घराचं आकारमान सुमारे १३,६०० घनफूट. म्हणजे त्या दाबाखाली तासाभरात घरातली सगळी हवा तेरा वेळा बदलत होती. नव्या घराला हा आकडा तीन ते पाचच्या दरम्यान हवा असतो. ऑडिटर म्हणाले की सगळ्या फटी एकत्र जोडल्या तर वर्षभर एक खिडकी उघडी ठेवल्यासारखं आहे.

पण खरं दुखणं खाली निघालं. पुतण्या त्या पोकळीत रांगत गेला आणि आतून ओरडला, "सापडलं!" त्याने काढलेला फोटो माझ्याकडे अजून आहे. मागच्या खोलीकडे गरम हवा नेणारी जाड लवचिक नळी जोडावरून निसटून जमिनीवर पडली होती. जोडाला गुंडाळलेली चंदेरी चिकटपट्टी सुकून पापुद्र्यासारखी लोंबत होती. नळीच्या तोंडासमोरची माती कोरडी ठणठणीत, बाकीची सगळी ओलसर. किती हिवाळे ती तशी पडून होती कोण जाणे. मागच्या खोलीत आई झोपायची आणि दोन रजया घ्यायची. आम्हाला वाटत होतं तिला इथली थंडी सोसत नाही.

दुरुस्ती तीन कामांची झाली. नळ्या पुन्हा जोडून प्रत्येक सांध्याला मॅस्टिक नावाचा घट्ट लेप लावला; चिकटपट्टी नाही, ती वाळते. फटी फोमने आणि सीलंटने बुजवल्या, पोटमाळ्याच्या झाकणाला रबराची कड लावली. मग पोटमाळ्यावर कागदाच्या लगद्यापासून केलेलं सेल्युलोज फवारून जाड थर दिला. आधी तिथे चार-पाच इंचांचं दबलेलं फायबरग्लास होतं. आता मान्य पातळीइतकं, आर-३८, झालं; आर म्हणजे थर उष्णता किती अडवतो त्याचं माप. आधी फटी बुजवायच्या आणि मगच थर द्यायचा, हा क्रम ऑडिटरनी पुन्हा पुन्हा बजावला. वरून थर टाकला आणि खाली फटी राहिल्या तर हवा त्या थरातून निघून जाते आणि पैसे वाया. त्यांनी हीटरच्या पट्ट्यांना कुलूपही घातलं: बाहेरचं तापमान गोठणबिंदूच्या खाली गेल्याशिवाय त्या चालूच होणार नाहीत. आणि पाण्याच्या हीटरचं तापमान १४० वरून १२० फॅरनहाइटवर आणलं, त्याला एक पैसाही लागला नाही.

सगळं मिळून ३,४०० डॉलर लागले. आम्ही दोघं कमावते, आम्हाला जमलं. त्या वेळी केंद्र सरकार अशा कामाच्या सामानाच्या खर्चाचा तीस टक्के भाग करातून वजा करू देत होतं, वर्षाला बाराशे डॉलरच्या मर्यादेत. ती सवलत २०२५ अखेर बंद झाली. शेवटच्या चाचणीत तेराचा आकडा साडेसातवर आला. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा थंडीची लाट आली, आणि त्या महिन्याचे युनिट झाले १,५१०. दर तोच, माणसं तीच, आई त्याही हिवाळ्यात आली होती आणि मागच्या खोलीत एका रजईवर झोपत होती.

हे सगळं हातात आल्यावर मला दुकानातल्या त्या वाक्याचा अर्थ लागला. आमच्या रस्त्याच्या टोकाला एक आजी राहतात, ऐंशीच्या घरातल्या, एकट्या. त्यांनी लिहायला परवानगी दिली आहे, नाव नको म्हणाल्या. त्यांचं घर म्हणजे ट्रेलर, कारखान्यात बनवून चाकांवर आणून ठेवलेलं. अशा घरांना केंद्र सरकारचे बांधकामाचे नियम १९७६ च्या जूनमध्ये लागू झाले, यांचं त्याआधीचं. नऊशे चौरस फूट, म्हणजे आमच्या निम्म्याच्या जवळपास. आणि त्यांचं फेब्रुवारीचं बिल ३८० डॉलर! घरात एका खोलीत दिवा, एक टीव्ही आणि स्वयंपाकाला एक शेगडी. मला म्हणाल्या, "मी तर काहीच लावत नाही गं." खरोखरच काही लावत नव्हत्या. त्यांच्या ट्रेलरला हीट पंप नव्हता, नुसती विजेची भट्टी होती, म्हणजे आमच्या त्या महागड्या पट्ट्याच दिवसरात्र. हवेच्या नळ्या ट्रेलरच्या पोटात, म्हणजे फरशीखालच्या पोकळीत, आणि त्या पोटाचं कापड फाटून लोंबलेलं. महिन्याच्या पेन्शनचा तिसरा हिस्सा त्या फाटक्या पोटातून खाली जात होता.

दर सगळ्यांना एकच असतो आणि त्यामुळे बिल न्याय्य वाटतं. पण ज्याच्याकडे पैसा आहे तो घर बुजवून घेतो आणि कमी भरतो; ज्याच्याकडे नाही तो गळक्या घरात जास्त भरत राहतो, आणि जास्त भरतो म्हणून बुजवायला कधीच पैसे साठत नाहीत. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. उधळपट्टीचा ठपका मात्र अशाच माणसांवर येतो.

त्यांच्यासाठी मदतीच्या दोन वाटा होत्या. एक, गरीब घरांच्या वीज-इंधनाच्या बिलाला मदत करणारी केंद्राची योजना, लायहीप. जॉर्जियात ज्येष्ठांचे अर्ज नोव्हेंबरपासून घेतात, बाकीच्यांचे डिसेंबरपासून. पैसे थेट वीज संस्थेकडे जमा होतात. निधी संपला की खिडकी बंद, म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांना गाडीत घालून नेलं. ओळखपत्र, पेन्शनचं पत्र, बिल, सोशल सिक्युरिटी कार्ड. ते काम झालं. पण ती मदत म्हणजे एका हिवाळ्याचा घोट. दुसरी वाट घर दुरुस्तीची, वेदरायझेशन नावाची, १९७६ पासून चालत आलेली: पात्र घरात माणसं येऊन फुकट फटी बुजवतात, नळ्या जोडतात, थर घालतात. आजींचा अर्ज मंजूर झाला, तपासणीला माणूस आला आणि काम नाकारून गेला. पाण्याच्या हीटरखालची फळी कुजली होती. नियम असा की फरशी कुजलेली किंवा छत गळकं असेल तर आधी ते दुरुस्त करा, मग आम्ही येऊ. त्या योजनेतून अशी दुरुस्ती सहसा होत नाही. ज्यांचं घर सर्वांत खराब, त्यांनाच ही मदत सर्वांत आधी नाकारली जाते.

आजींच्या चर्चमधल्या माणसांना मी हे सांगितलं. एका शनिवारी चार-पाच जण प्लायवुड आणि करवती घेऊन आले. सकाळी हीटर उचलून बाहेर ठेवला, कुजलेला भाग कापला, खालच्या आडव्या तुळयांना नवे तुकडे जोडले, दुपारी हीटर परत जागेवर. मी पोहे केले होते. शेंगदाणे घातलेले पोहे त्यांनी पहिल्यांदाच खाल्ले आणि सगळं पातेलं संपवलं. नवी तपासणी झाली, यादीत पुन्हा नंबर लागला, आणि पुढच्या उन्हाळ्यात काम झालं. ट्रेलरचं पोट नव्या कापडाने शिवलं, नळ्यांना लेप लावला, दारांना कडा. त्यानंतरच्या फेब्रुवारीत आजी बिल घेऊन दुकानात आल्या: २१५ डॉलर. त्या महिन्यात त्यांनी गोळ्या पूर्ण महिन्याच्या नेल्या.

पण असा एक अर्ज, एक चर्च, एक शनिवार करत किती घरं होणार? शेजारच्या साउथ कॅरोलिनात सहकारी संस्थांनी २०११ ते २०१३ या काळात एक प्रयोग केला होता. संस्थेने घराच्या दुरुस्तीचा खर्च आधी स्वतः उचलला आणि सभासदाकडून तो बिलातूनच हप्त्याहप्त्याने घेतला. १२५ घरं झाली, त्यांचा वीजवापर सरासरी ३४ टक्क्यांनी उतरला. कर्जासाठी बँकेत जायला नको, हातात रोख नको. संस्था सभासदांचीच असेल तर असं काम तिचंच आहे, असं मला वाटतं.

संस्थेची वार्षिक सभा शाळेच्या व्यायामशाळेत भरते. दारात प्रत्येकाला एक बादली आणि तिच्यात एलईडी दिवे, नंतर सोडत, हॉट डॉग, मुलांसाठी खांबापर्यंत माणूस उचलणाऱ्या बादलीवाल्या गाडीची फेरी. आमच्याकडच्या साखर कारखान्याच्या सभेची आठवण यावी अशी गर्दी. अहवाल वाचून झाल्यावर सभासदांना बोलायला वेळ देतात. मी उभी राहिले, आधी आमच्या घराचे दोन आकडे सांगितले, मग नाव न घेता आजींचे, आणि साउथ कॅरोलिनासारखी बिलातून परतफेडीची योजना आपण का आणत नाही ते विचारलं. व्यवस्थापकांनी आडवळण घेतलं नाही. म्हणाले, जोखीम अशी की घर विकलं गेलं किंवा सभासद सोडून गेला तर उरलेले हप्ते कुणी भरायचे हे नियमात बसवावं लागेल, संचालकांपुढे ठेवतो. माझ्या मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने हात वर केला आणि म्हणाला, "माझ्या बापाने या संस्थेसाठी खांब रोवायला स्वतःचं खेचर दिलं होतं. त्या वेळी परतफेडीची हमी कुणी मागितली नव्हती." टाळ्या वाजल्या.

संचालकांनी आता तीन सभासदांची समिती नेमली आहे, मी तिच्यात आहे. हप्ता माणसाच्या नावावर न ठेवता मीटरला जोडायचा, म्हणजे त्या घरात पुढे जो राहील तो कमी झालेल्या बिलाबरोबर उरलेला हप्ताही भरेल, असा मसुदा आम्ही केला आहे. भाड्याच्या घरांचं आणि दुसऱ्याच्या जागेवर उभ्या असलेल्या ट्रेलरांचं कलम अजून अडलंय, कारण तिथे जागामालकाची सही लागते आणि तो सही करायला सहजी येत नाही. पहिल्या टप्प्यात वीस घरं घ्यावीत, त्यांतली निम्मी तरी ट्रेलर असावीत, असा माझा आग्रह आहे. मसुदा पुढच्या महिन्यात संचालकांच्या बैठकीपुढे जाईल.